मॅक्युलमचे 158 आणि माझ्या डोक्यातली दोरी

18 एप्रिल 2008. तारीख पाठ आहे कारण त्या दिवशी आयपीएलची पहिलीवहिली मॅच होती, बंगलोरला, आणि ब्रेंडन मॅक्युलमने 73 बॉलमध्ये नाबाद 158 कुटले होते. सांगलीच्या आमच्या घरी माझा धाकटा भाऊ, त्याचे दोन मित्र, शेजारचे काका असे सगळे टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलेले, दर सिक्सला आरडाओरडा, काकांनी तर एकदा चहाचा कपच लवंडला, आणि मी भिंतीला टेकून बसलेलो. बॉल कुठे गेला ते दिसत होतं, स्कोअर कळत होता, पण आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. भावाने विचारलं सुद्धा, "दादा, वहिनीशी भांडलायस का?" नव्हतो भांडलो. पोट दुखत नव्हतं, नोकरीतलं विक्रीचं टार्गेट पण बऱ्यापैकी झालेलं. नुसतं कुणीतरी आतला आवाजच बंद केल्यासारखं वाटत होतं.

ह्याचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. कारण माझ्याच बॅगेत होतं हे तर त्याहून नव्हतं माहीत.

मी तेव्हा एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी. सांगली, मिरज, तासगाव, जत, इस्लामपूर असा एरिया, सकाळी बॅग, दुपारी केमिस्ट, संध्याकाळी पुन्हा डॉक्टर. कंपनीचं नाव नाही घेत, आणि घेऊन उपयोग पण नाही कारण तीच गोळी तेव्हा बऱ्याच कंपन्या विकत होत्या. गोळीचं नाव रिमोनाबंट, 20 मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, वजन कमी करायला. मूळ औषध फ्रान्सच्या सनोफीचं, युरोपात 2006 ला मंजूर झालेलं, आणि आपल्याकडे लगेच तिच्या देशी आवृत्त्या आल्या. आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं की हे जगातलं पहिलं औषध आहे जे मेंदूतल्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरला, म्हणजे गांजातलं रसायन पेशीवर जिथे जाऊन बसतं त्या जागेला, बंद करतं, गांजा ओढल्यावर भूक लागते ना, तर हे बरोबर त्याच्या उलट. डॉक्टर हसायचे, आम्ही पण हसायचो, प्रिस्क्रिप्शन पडायचं. व्हिज्युअल एडवर, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या चित्रांच्या कार्डावर, एक बारीक झालेली बाई मोठी झालेली पँट पुढे ओढून दाखवत होती. वर्षभरात औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा साधारण 4-5 किलो जास्त उतरतात असा डेटा, तो खराच होता.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा रोजच्या दोन पुड्या तंबाखू खायचो. चुना, तंबाखू, डाव्या तळव्यावर मळायची, दोन थापा, बार भरायचा. एमआर लोकांना सिगरेट परवडत नाही असं नाही, पण डॉक्टरच्या केबिनमध्ये वास घेऊन जाता येत नाही आणि तंबाखू खिशात बसते. तर मीटिंगमध्ये आमच्या एका सिनियरने सांगितलं की अरे हीच गोळी सिगरेट सोडवायला पण ट्राय केलीये बाहेर, अमेरिकेत ट्रायल झालीये, रिझल्ट चांगला आहे. त्याने हे नाही सांगितलं की 2006 च्या फेब्रुवारीतच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या खात्याने, सिगरेट सोडवण्यासाठी तिला नकार दिलेला होता. त्याला माहीत नसावं, किंवा असावं, जाऊ दे. माझ्याकडे सँपलचा डबा होता, वजन 84 होतं आणि दोन पुड्यांचं लफडं होतं. एका गोळीत दोन्ही कामं. मार्चमध्ये सुरू केली, कुणाला न विचारता. डॉक्टरांना रोज औषधं समजावून सांगणारा माणूस स्वतः डॉक्टरला विचारत नाही, हा आमच्या लाइनचा जुना आजार आहे.

तंबाखू कमी झाली. खरंच झाली. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला अर्धी पुडी, मग कधीतरी. आणि विशेष म्हणजे धडपड करावी लागली नाही, तलफच येईना. मी खूश व्हायला पाहिजे होतो ना? नाही झालो. मे महिन्यात रत्नागिरीहून मामांची आंब्याची पेटी आली, हिने आमरस केला, मी अर्धी वाटी ठेवून उठलो. ही म्हणाली, "अहो, आंबट लागतोय का?" म्हटलं नाही गं, चांगलाय. "मग ठेवला का?" ह्याचं उत्तर नव्हतं. आंबट नव्हता. गोड आहे हे जिभेला कळत होतं, पण गोड असून काय, ते कळत नव्हतं. तंबाखू सुटली तिच्या पाठोपाठ आमरस पण सुटला, मॅक्युलम पण सुटला, आणि रात्री साडेतीनला जागा होऊन पंख्याकडे बघत बसायचं नवीनच काहीतरी लागलं.

मिरजेतले एक म्हातारे फिजिशियन होते, त्यांनी मला एका भेटीत पकडलं. गोळी उलटीसुलटी करून बघितली, म्हणाले, "हे अमेरिकेनं नाकारलंय ना रे?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, सर युरोपात अप्रूव्ह्ड आहे. ते म्हणाले, "पेशंटला विचार, मन कसं आहे. वजन काट्यावर कळतं, मन कुठल्या काट्यावर कळणार?" बाहेर आलो, गाडीला किक मारली आणि तशीच उभी करून ठेवली. त्या दिवसापासून गोळी बंद. दीड-दोन आठवड्यांत परत माणसात आलो आणि, हे पण सांगायलाच पाहिजे, पुड्या परत दोन झाल्या.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तंबाखू सोडली की नुसत्या निकोटिनच्या अभावानेही मूड जातो, झोप जाते, तेव्हा माझ्या बाबतीत कशाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. पण जून 2007 मध्येच एफडीएच्या सल्लागार समितीने सगळ्यांनी मिळून ह्या गोळीला नको म्हटलं होतं ते ह्याच कारणावरून, डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार. ऑक्टोबर 2008 मध्ये युरोपनेही ती थांबवली, मानसिक त्रासाचा धोका साधारण दुप्पट होतो म्हणून. आपल्याकडे 2009 ला बंदी आली. आमच्या एएसएमने, म्हणजे एरियाच्या साहेबाने, फोनवर दोन वाक्यांत सांगितलं, स्टॉकिस्टकडून माल परत घ्या, नवीन प्रॉडक्ट येतंय.

हे सगळं आता का आठवलं तर परवा भाचा आला होता, पुण्यात इंजिनियरिंगला आहे, तिसरं वर्ष. जेवण झाल्यावर गच्चीवर बसलो होतो. फिरवून फिरवून विषय गांजावर आणला आणि म्हणाला, "मामा, त्याचं ॲडिक्शन होत नाही म्हणतात. मेंदूत त्याच्यासाठी रिसेप्टरच आहेत ना, म्हणजे निसर्गानेच सोय केलीये." मी ओरडलो नाही. ओरडायचा हक्क पण नाही, एकेकाळच्या दोन पुड्यावाल्याने कुणाला काय शिकवायचं. पण त्याचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यात बसलं कारण ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं इतकं उलटं आहे की काय सांगू. त्याला गच्चीवर जे जमेल तसं सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय.

तर रिसेप्टर. आधी गांजातला माल कुठला ते 1964 ला कळलं, टीएचसी, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी ह्या दोघांनी तो वेगळा काढला. मॉर्फिन अफूतून 1800 च्या आसपासच निघालं होतं, कोकेन पण एकोणिसाव्या शतकात, गांजा मात्र एवढा उशिरा, कारण तेलकट चिकट मिश्रण, वेगळं करायला अवघड. मेशुलमने संशोधनासाठी पोलिसांकडून 5 किलो लेबनीज चरस घेतला आणि तो बॅगेत घालून चक्क बसने लॅबला आला, बसमध्ये लोक वास कसला येतोय म्हणून इकडेतिकडे बघतायत. नंतर कळलं की परवानगी भलत्याच खात्याकडून घ्यायची असते, म्हणजे देणारे पोलीस आणि घेणारा शास्त्रज्ञ दोघांनी कायदा मोडलेला. मला हा किस्सा फार आवडतो, विटा-सांगली गाडीत असं झालं असतं तर कंडक्टरने काय केलं असतं ह्याचा विचार करतो कधीकधी.

मग 1988 मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिवेन ह्यांनी उंदराच्या मेंदूत टीएचसीसारखे रेणू जिथे जाऊन बसतात ती जागा दाखवली. तीच सीबी वन, आमच्या गोळीचं निशाण. आणि ती थोडीथोडकी नाही, मेंदूत ह्या जातीचे जेवढे रिसेप्टर आहेत त्यात सीबी वन सगळ्यात जास्त संख्येने असणाऱ्यांपैकी. आता प्रश्न असा की माणसाच्या, उंदराच्या, डुकराच्या मेंदूत गांजासाठी खास कुलपं कुणी बसवली? कुणी नाही. कुलूप आहे म्हणजे घरातली स्वतःची किल्ली असणार, गांजा ही बाहेरच्या कुणाचीतरी किल्ली आहे जी योगायोगाने लागते. ती घरची किल्ली 1992 ला सापडली, जेरुसलेमच्या लॅबमध्ये, मेशुलम, डिवेन आणि चेक शास्त्रज्ञ लुमिर हानुश, डुकराच्या मेंदूतून. जेरुसलेममध्ये डुकराचा मेंदू कुठून आणला हा वेगळाच विषय. नाव ठेवलं आनंदामाइड. होय, आपला संस्कृतातला आनंद. 1995 ला अजून एक सापडलं, टू-एजी, ते मेंदूत त्याहून कितीतरी जास्त असतं पण नाव असं रुक्ष असल्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

तर भाच्याचा मुद्दा इथेच पडतो. रिसेप्टर आहे म्हणून सोय आहे असं म्हटलं तर अफूचे पण आहेत, निकोटिनचे पण आहेत. जगातलं एकूण एक व्यसन मेंदूच्या आपल्या स्वतःच्या वायरिंगवरच बसतं, दुसरीकडे बसणार कुठे?

आता खरी गंमत, हे आनंदामाइड आणि टू-एजी करतात काय. इथे मला एसटी आठवते. मेंदूतला निरोप साधारण एकाच दिशेने जातो, एक पेशी रसायन सोडते, पुढची घेते. म्हणजे ड्रायव्हर चालवतोय आणि मागचे जातायत. पण जुन्या एसटीत कंडक्टर मागून दोरी ओढून घंटी मारायचा ना, टण, की ड्रायव्हरने थांबायचं. हे कॅनाबिनॉइड म्हणजे ती मागून ओढलेली दोरी. निरोप घेणारी पेशी स्वतःच्या पडद्यातल्या चरबीपासून तिथल्या तिथे हे रेणू बनवते आणि ते उलट्या दिशेने जाऊन देणाऱ्या पेशीवरच्या सीबी वनवर बसतात, टण, बास आता, जरा दमानं. 2001 ला एकदम तीन टीमनी हे दाखवलं तोपर्यंत असं उलटं कामकाज एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालतं हे लोकांना माहीतच नव्हतं. आणि डोपामिन वगैरे निरोपाची रसायनं पिशव्यांत भरून तयार ठेवलेलं असतं तसं ह्यांचं नाही, ऑर्डर आली की गरम भजी तळल्यासारखं, आणि काम झालं की एन्झाइम लगेच मोडून टाकतात. आनंदामाइड मोडणाऱ्या एन्झाइमचं नाव फाह, ते लक्षात ठेवा, परत येणार आहे.

आता नशेचा रस्ता. मेंदूच्या बुडाशी डोपामिनवाल्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तिथून वर न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागाला डोपामिन जातं. लोक ह्याला सुखाचं रसायन म्हणतात, ते तेवढं बरोबर नाही, "हे महत्त्वाचं आहे, परत कर, लक्षात ठेव" असा तो शिक्का आहे. ह्या डोपामिनवाल्या पेशींवर सतत ब्रेक लावून ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत, त्या गाबा नावाचं थोपवणारं रसायन सोडतात. आणि सीबी वन कुठे बसलेत तर बऱ्यापैकी ह्या ब्रेकवाल्यांच्या टोकांवर. म्हणजे दोरी ओढली की ब्रेकवाल्याला सांगितलं जातं थांब, ब्रेक सुटतो, आणि डोपामिन वाहायला लागतं. थांब म्हणायचं आणि गाडी सुटायची! मला हे समजायला दोन दिवस लागले होते, व्हिज्युअल एडवर एवढं नव्हतं.

आमरस समोर आला, मॅक्युलमने उचलला, बायकोने पाठीवर हात ठेवला, तर त्या क्षणापुरती, त्या जागेपुरती दोरी ओढली जाते आणि मोडली जाते. गांजा ओढल्यावर काय होतं, तर दोरी सगळीकडे एकदम ओढली जाते आणि तासन् तास धरून ठेवली जाते, कारण टीएचसीला मोडायला तिथे कुणी उभं नाही. जेवणाची दोरी, आठवणीची दोरी, वेळेची दोरी, सगळं टण टण टण. म्हणून भूक लागते, आत्ता काय बोलत होतो ते विसरायला होतं, पाच मिनिटं अर्धा तास वाटतात.

आणि रोज ओढणाऱ्याचा मेंदू मग काय करतो? घंटीच्या कटकटीला कंटाळलेल्या ड्रायव्हरसारखं करतो, घंट्याच काढून ठेवतो. सीबी वनची संख्या कमी होते. 2012 मध्ये रोज ओढणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून हे मोजलंय, आणि चांगली बातमी ही की चार एक आठवडे सोडल्यावर ते रिसेप्टर बऱ्यापैकी परत आले. पण तोपर्यंत माणूस कसा असतो? झोप नाही, जेवण जात नाही, चिडचिड, विचित्र ठसठशीत स्वप्नं. भाच्याला म्हटलं तुझा तो रूममेट सोडल्यावर कसा वागत होता सांगितलंस मघाशी? तो म्हणाला, "खुन्नस काढायचा सगळ्यांवर, आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन." हेच ते. दारूसारखे हात थरथरत नाहीत, फिट येत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही होतच नाही. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत गांजा सोडतानाचा त्रास अधिकृत आजार म्हणून नोंदलाय.

भाच्याच्या बाजूने पण एक गोष्ट सांगितली, खोटं कशाला. अमेरिकेतला नव्वदीतला एक गाजलेला सर्व्हे आहे, आयुष्यात एकदा तरी घेतलेल्यांपैकी किती जण अडकले. तंबाखू 32 टक्के, हेरॉइन 23, कोकेन 17, दारू 15, गांजा 9. सगळ्यात वर कोण बसलंय बघा, माझी पुडी. गांजाचा 9 आकडा कॉलेजच्या वयाच्या आत सुरू केलं तर सहात एकापर्यंत जातो, हे मात्र त्याला दोनदा सांगितलं. आणि श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात सीबी वन फार कमी, म्हणून अफू-हेरॉइनसारखा श्वास थांबून माणूस जात नाही. पण ही सूट झाडाच्या गांजाला, लॅबमध्ये बनवलेल्या नकली मालाला नाही. टीएचसी सीबी वनची दोरी अर्धवटच ओढतं, स्पाईस म्हणून विकला जाणारा जो सिंथेटिक माल आहे त्यातले रेणू ती पूर्ण ताकदीने ओढतात आणि त्याने माणसं मेलीयत. त्यातला एक रेणू क्लेमसन युनिव्हर्सिटीच्या जॉन हफमनने निव्वळ संशोधनासाठी बनवलेला, लोकांनी पेपर वाचून कारखाने काढले.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हे फक्त गांजापुरतं नाहीये. मला आधी वाटायचं गांजाचा रिसेप्टर म्हणजे गांजाचं व्यसन, अफूचा म्हणजे अफूचं, ज्याचा त्याचा काउंटर वेगळा. तसं नाहीये. 1999 ला सीबी वन नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना मॉर्फिनची सोय करून दिली, तर त्यांना मॉर्फिनमध्ये फारसा रसच नाही, आणि मॉर्फिन तोडल्यावरचा त्रासही कमी. म्हणजे मॉर्फिनला स्वतःचा रिसेप्टर शाबूत आहे, तरी गांजाचा रिसेप्टर काढला तर मॉर्फिन फिकं पडतं! दारूचं तसंच, असे उंदीर दारू कमी पितात. निकोटिनचं तसंच, सीबी वन बंद केला की उंदीर निकोटिनचं बटण कमी दाबतात. म्हणजे कुठूनही या, शेवटचा नाका हाच. म्हणूनच कंपन्यांना वाटलं की हा एक नाका बंद केला की सगळी व्यसनं एका झटक्यात.

आणि त्यातला मला सगळ्यात लागलेला प्रयोग 2001 चा, हॉलंडमधला. उंदरांना कोकेनची सवय लावली, मग बंद केलं, आणि बरेच दिवस गेल्यावर कोकेनबरोबर जी खूण यायची ती नुसती खूण परत दाखवली. उंदीर परत बटणाकडे धावले. पण सीबी वन बंद केलेले नाही धावले, किंवा कमी धावले. कोकेन नाही, नुसती खूण! आणि तणाव देऊन जो रिलॅप्स होतो त्याच्यावर मात्र त्याचा परिणाम नव्हता, तो रस्ता वेगळा. हे वाचलं तेव्हा मला डबीचा आवाज आठवला. चुन्याची डबी उघडताना जो टिचकीसारखा आवाज येतो तो. पुढे मी तंबाखू सोडली त्यानंतर दोनदा स्लिप झालो, दोन्ही वेळा पुढ्यात तंबाखू नव्हती, पहिल्यांदा जतच्या स्टँडवर बाकावर शेजारच्या म्हाताऱ्याने डबी उघडली आणि दुसऱ्यांदा जेवण झाल्यावर हात धुताना, बस, एवढंच. लोक म्हणतात मनावर ताबा नाही. मन पोचायच्या आधी हात खिशात गेलेला असतो हो. सीबी वन आठवणीच्या कारखान्यातही आहेत आणि भीतीची आठवण पुसण्यातही, 2002 ला दाखवलंय की ते नसले की उंदराला जुनी भीती विसरता येत नाही. म्हणजे खूण चिकटवायचं काम पण त्याच यंत्रणेकडे आणि सोडवायचं पण.

आता परत त्या गोळीकडे बघा. रिमोनाबंटने नाका बंद केला. कोकेन थांबलं, निकोटिन थांबलं, आणि त्याच नाक्यावरून आमरस येतो, मॅक्युलम येतो, संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहून पाणी बघायची जी ती काय ओढ असते ती येते, ती पण थांबली. व्यसनाची वेगळी वायर असती तर केव्हाच कुणीतरी कापली असती. मी एमआर म्हणून जी गोळी पाच गावांत विकली तिची चूक केमिस्ट्रीत नव्हती, केमिस्ट्री उत्तम होती, ती जे म्हणत होती तेच करत होती.

नंतर लोकांनी उलटा रस्ता धरला, दोरी कापू नका, घरची दोरीच जरा जास्त वेळ टिकू द्या. म्हणजे फाह एन्झाइमला रोखा, आनंदामाइड थोडं जास्त राहील, गांजा सोडणाऱ्याचा तो चार आठवड्यांचा त्रास कमी होईल. 2016 च्या जानेवारीत फ्रान्समध्ये रेन शहरात अशाच एका औषधाची धडधाकट लोकांवर चाचणी चालू होती, त्यात एक जण गेला आणि काही जणांच्या मेंदूला इजा झाली. तो दोष त्या एका रेणूचा, तो फाह सोडून भलत्याच एन्झाइमना पण धरत होता असं नंतर दिसलं. दुसऱ्या एका फाह रोखणाऱ्या गोळीची 2019 ला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांनी गांजावर अडकलेल्या 70 पुरुषांवर चाचणी केली, त्यांचा सुरुवातीचा त्रास कमी झाला, ओढणंही कमी झालं. छान वाटलं वाचून. पण दुकानात अजून काही आलं नाही. एक फ्रेंच औषध तर सीबी वन पूर्ण बंद न करता नुसता त्याचा ठरावीक आवाज कमी करायचं, 2023 ला छोट्या चाचणीत जमलं, 2024 ला मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. माझ्यासारख्या जुन्या एमआरला असं वाचलं की वाईट वाटतं आणि बरं पण वाटतं, कारण तेव्हा कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं.

भाच्याने विचारलं मग भांग? आपल्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजाची फुलं-शेंडे आणि चरस येतात, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग काही राज्यांत सरकारी परवान्याने मिळते. टीएचसी तेच, प्रमाण कमी, आणि पोटातून जातं म्हणून उशिरा चढतं, त्यामुळे लोक अजून एक ग्लास घेतात आणि मग होळीला गडबड होते. 2019 च्या एम्सवाल्या सर्व्हेत देशात वर्षभरात भांग घेणारे 2.2 कोटी आणि गांजा-चरसवाले 1.3 कोटी होते, दारूवाले 16 कोटी. मेंदूला कायदा कळत नाही, त्याला फक्त दोरी किती जोरात ओढली ते कळतं.

तंबाखू मी 2013 ला सोडली. डेंटिस्टला गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, त्याने आरसा माझ्या हातात दिला आणि काही बोललाच नाही. निकोटिनची च्युइंगम, 2 मिलिग्रॅमची, तीन महिने, मग कमी कमी, आणि दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे फॉलोअप. पहिले दोन आठवडे घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं आणि ते बरोबरच होतं. ह्या वेळी आमरस गोड लागत होता, हा फरक. तलफ यायची, भयानक यायची, पण आतलं सगळं चालू होतं. त्या बाई म्हणायच्या, तलफ पंधरा-वीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हातांना काम द्या, म्हणून मी तेव्हा किलोकिलोने शेंगा सोलल्या. हिने त्या वर्षी शेंगदाण्याची चटणी अख्ख्या आळीला वाटली. पहाटे कृष्णेकाठी पळायला पण लागलो, पळताना शरीर स्वतः आनंदामाइड सोडतं असं दाखवलंय, पळून झाल्यावर जे बरं वाटतं त्याचं श्रेय इतकी वर्षं एंडॉर्फिन घेत होतं, 2015 च्या उंदरांवरच्या प्रयोगात ते गांजावाल्या यंत्रणेकडे गेलं. भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, तू रोज सकाळी फुकटात ओढतोस." म्हटलं गप झोप आता.

तो झोपला पण मला झोप येईना म्हणून खाली येऊन यूट्यूबवर त्या मॅचच्या हायलाइट्स लावल्या. 10 चौके, 13 सिक्स. चौथ्या-पाचव्या सिक्सला मी एवढा जोरात ओरडलो की ही आतून आली, "अहो, बारा वाजलेत, पोरगी उठेल." आवाज कमी केला. नववा सिक्स बसला आणि मध्येच जाहिरात लागली, कुठल्याशा वेलचीची, तीच ती, नाव वेलचीचं आणि पुडी ओळखीची, हिरोने पुडी झटक्यात फाडली, तो चर्रर्र असा आवाज, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. स्किपचं बटण यायला पाच सेकंद लागतात, मी पाचही सेकंद उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर फिरवत होतो.